देवांची डोकेदुखी

पर्सी जॅक्सनच्या कादंबऱ्यांचे चाहते बहुधा पहिल्या पाच पुस्तकांवर जीव टाकतात आणि नंतरच्या पाचांना लांबण लावल्याबद्दल नावे ठेवतात. माझे मत नेमके उलटे आहे, आणि ते तसे असण्यात मी बेळगावची असण्याचा वाटा मोठा आहे. ग्रीक देव आणि रोमन देव एकच की वेगळे, हा प्रश्न ज्या पुस्तकांचा कणा आहे, ती पुस्तके मंगसुळीचा खंडोबा आणि सौंदत्तीची यल्लम्मा जिच्या देवघरात शेजारी शेजारी आहेत अशा बाईने वाचावीत आणि पोरांची करमणूक म्हणून बाजूला ठेवावीत, हे मला जमण्यासारखे नव्हते.

ज्यांनी ती वाचलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेखक रिक रायर्डन हे अमेरिकेतील टेक्सासचे. ते शाळेत इंग्रजी आणि इतिहास शिकवत असत. मुलाला झोपताना सांगायच्या ग्रीक पुराणांतल्या गोष्टी संपल्या तेव्हा त्यांनी स्वतःची एक रचली, आणि तिच्यातून 2005 साली या मालिकेचे पहिले पुस्तक आले. मुलाला वाचताना अक्षरे लावणे जड जात असे आणि एका जागी बसणेही. म्हणून गोष्टीतल्या पर्सीलाही त्यांनी तेच दिले, मात्र त्याचा अर्थ फिरवला. वर्गातली चुळबुळ ही रणांगणावरची सावधगिरी ठरली, आणि इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे नाचतात ती मेंदू जन्मतःच प्राचीन ग्रीकसाठी घडलेला असल्यामुळे, असे कारण मिळाले. पर्सी हा समुद्रदेव पोसायडनला मर्त्य स्त्रीपासून झालेला मुलगा. देवांचे घर ऑलिंपस आता न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या 600व्या मजल्यावर आहे, आणि देवांच्या अशा मुलांसाठी लाँग आयलंडवर एक छावणी आहे. देव ग्रीस सोडून अमेरिकेत कसे पोहोचले, याचे उत्तर लेखकाने एका फटक्यात देऊन टाकले आहे: पाश्चात्त्य संस्कृतीचे केंद्र जिकडे सरकते तिकडे देव आपले बिऱ्हाड हलवतात. हे उत्तर मला कधीच पटले नाही. आमच्याकडे कदंब आले नि गेले, रट्ट गेले, आदिलशाही, पेशवाई आणि इंग्रजही गेले. देव आपल्या डोंगरावरून हलला नाही, त्याच्यावर हक्क सांगणारी माणसे तेवढी बदलत राहिली.

ही पुस्तके माझ्याकडे भाचीमुळे आली. ती इंग्रजी माध्यमात शिकते, घरी मराठी बोलते, आणि रिक्षावाल्याशी भाडे कन्नडमध्ये ठरवते. ही तिन्ही कामे करताना आपण काही विशेष करतो आहोत असे तिला वाटत नाही, कारण तिच्या वर्गातली निम्मी मुले तेच करतात. पहिली पाच पुस्तके मी तिला बोलायला सोबत हवी म्हणून वाचली. मजेदार आहेत, वेगवान आहेत, आणि लास व्हेगासच्या जुगारगृहात अडकलेल्या मुलांना काळाचे भान न उरणे यांसारख्या जागा फार हुशारीने बेतलेल्या आहेत. त्याहून अधिक त्यांच्याविषयी मला सांगायचे नाही.

2010 ते 2014 या काळात आलेल्या दुसऱ्या पंचकात मात्र एक नवीच गोष्ट उघड होते. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळच्या टेकड्यांत, आणखी एक छावणी आहे. तिथेही देवांचीच मुले राहतात, पण ती स्वतःला रोमन म्हणवतात, पलटणीत वाढतात, हातावर गोंदवून घेतात आणि लॅटिनचा अभिमान बाळगतात. दोन्ही छावण्यांना एकमेकींचा पत्ता नाही, कारण पूर्वी जेव्हा जेव्हा त्यांची गाठ पडली तेव्हा रक्त सांडले, आणि अमेरिकेचे यादवी युद्ध ही त्यांतलीच एक गाठ होती, असे कादंबरी सांगते. त्यानंतर देवांनी दोघांच्या मध्ये विस्मरणाचा पडदा टाकला. देवांची राणी हेरा तो उचलते. ग्रीक बाजूचा पर्सी आणि रोमन बाजूचा जेसन यांच्या आठवणी पुसून ती दोघांची अदलाबदल करते. हा जेसन ज्युपिटरचा, म्हणजे झ्यूसच्या रोमन रूपाचा, मुलगा आहे. ग्रीक बाजूला थालिया नावाची मुलगी आहे, ती झ्यूसची. दोघे सख्खी भावंडे. आई एकच आणि बापही एकच. मुलीच्या वेळी तो एका रूपात आला होता आणि मुलाच्या वेळी दुसऱ्या, एवढाच फरक.

या जागी मला आईच्या दोन मावश्या आठवल्या. थोरलीला महाराष्ट्रातल्या चंदगडला दिले होते, धाकटीला कर्नाटकातल्या बैलहोंगलला. थोरलीच्या नातवंडांनी चौथीच्या पुस्तकातून शिवाजी महाराज पाठ केले. धाकटीच्या नातवंडांना कित्तूरची चन्नम्मा आणि संगोळ्ळी रायण्णा तोंडपाठ. लग्नकार्यात ही मुले भेटली की पहिला दिवस क्रिकेटवर निभावून जात असे, कारण क्रिकेटला फारसे बोलावे लागत नाही. कुळाचा देव मात्र दोन्ही घरांत एकच होता: थोरलीच्या घरात तो खंडोबा, धाकटीच्या घरात मैलार.

रोमन लोकांनी ग्रीकांचे देव उचलले आणि त्यांना आपली नावे चिकटवली, असे आपण ऐकत आलेलो असतो. ते अर्धेच खरे आहे. रोमनांचे स्वतःचे देव आधीपासून होते. ग्रीकांशी संबंध वाढले तशी त्यांनी आपल्या देवांची त्यांच्या देवांशी गाठ घातली, आणि इ.स.पू. 217 मध्ये, कार्थेजच्या हॅनिबलने त्यांच्या सैन्याची दाणादाण उडवल्यावर, बारा देवांना जोड्याजोड्यांनी पंक्तीला बसवून जेवू घातले, तेव्हा त्या सोयरिकीवर जणू राजमुद्रा उमटली. (संकट आले की देवाला जेवायला घालावे, हे शहाणपण दोन्ही खंडांत सारखेच दिसते.) पण सोयरीक झाली म्हणून स्वभाव एक झाले नाहीत. होमरच्या इलियडमध्ये झ्यूस आपल्या मुलाला, युद्धदेव एरीजला, तोंडावर सांगतो की ऑलिंपसवरच्या साऱ्या देवांत तू मला सर्वांत नावडता आहेस. रोममध्ये त्याचाच जोडीदार मार्स हा नगर वसवणाऱ्या रोम्युलसचा पिता आहे, आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकातला रोमन लेखक केटो शेतकऱ्याला सांगतो की डुक्कर, मेंढा आणि बैल शेताभोवती फिरवून मार्सला बळी द्यावेत, म्हणजे तो पिकावरची रोगराई परतवून लावील. ग्रीकांचा उडाणटप्पू रोमनांच्या घरी कर्ता पुरुष झाला.

रायर्डन यांनी हा फरक नीट टिपला आहे, आणि तो भाषणांतून न सांगता वस्तूंतून दाखवला आहे. पर्सी रोमन छावणीत पोहोचतो तेव्हा त्याच्या बापाचे, म्हणजे नेपच्यूनचे, देऊळ त्याला अवजारांच्या खोपटाएवढे आढळते, कारण रोमनांना समुद्राचे प्रेम कमी आणि धाक जास्त. ग्रीकांच्या अथेनाची रोमनांकडे मिनर्व्हा होते तेव्हा कादंबरीत तिच्याकडचे युद्ध काढून घेतले जाते आणि हस्तकला व शहाणपण एवढेच तिच्या पदरात उरते. हा अपमान ती विसरलेली नाही. मग दोन छावण्यांत वैर पेटते, आणि ते जसजसे वाढते तसतशी देवांची डोकी दुखू लागतात, कारण एकाच देवाच्या आत दोन्ही रूपे एकमेकांशी भांडू लागलेली असतात. अथेनाची मुलगी अ‍ॅनाबेथ हिला आपली आई न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात भेटते, ती भुयारी रेल्वेच्या नकाशापुढे उभी राहून घरची वाट शोधणारी. बुद्धीची देवता, आणि तिला आपले घर कोणत्या गाडीने गाठावे ते समजत नाही. एरवी पानापानावर थट्टा करणारा हा लेखक इथे थट्टा आवरती घेतो. दहाही पुस्तकांत मला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो, आणि लेखकाशी माझे भांडणही याच प्रसंगावरून आहे.

ते भांडण सांगण्यासाठी मंगसुळीला जावे लागेल. अथणीच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीलगत, हे खंडोबाचे जुने ठाणे आहे. इथे येणारा कोणी त्याला खंडोबा म्हणतो, कोणी मैलार, कोणी मल्लय्या, आणि भंडारा सगळेच उधळतात. मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध दोन्ही भाषांतल्या कथांत आहे. कुत्रा दोन्हीकडे आहे. दोन बायकाही दोन्हीकडे आहेत, इकडे वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई, तिकडे गंगी माळव्वा आणि जोडीला कुरुबांची लेक. सेवेकरी मात्र निराळे. जेजुरीकडचा वाघ्या कोटंबा पुढे करतो आणि दिमडी वाजवतो. मैलारचा गोरव काळी घोंगडी पांघरतो, डोक्याला अस्वलाच्या केसांची टोपी घालतो आणि डमरू वाजवतो. शिवाय मैलारच्या देवाला एक गोष्ट येते जी जेजुरीच्या देवाला करताना मी ऐकलेली नाही. तुंगभद्रेजवळच्या मैलार गावी, माघी पौर्णिमेच्या म्हणजे कन्नड मुलखातल्या भारत हुण्णिमेच्या सुमारास, एक गोरव उंच धनुष्यावर चढतो, अफाट गर्दी चिडीचूप होते, आणि तो एकच वाक्य उच्चारून खाली झेपावतो. हे कारणिक. ते वाक्य असे गूढ असते की त्यात कोणाला पाऊस दिसतो, कोणाला जोंधळ्याचा भाव, कोणाला सरकार पडण्याची चिन्हे, आणि पुढचे काही दिवस कन्नड वर्तमानपत्रांना तो विषय पुरतो.

पर्सीच्या छावणीत भविष्य सांगणारी एक जुनी ममी माळ्यावर ठेवलेली असते आणि तिची पद्ये नेहमी भलत्याच अर्थाने खरी होतात. ही ग्रीकांच्या डेल्फी इथल्या देववाणीची परंपरा. इराण्यांवर चालून गेलास तर एक मोठे राज्य बुडवशील, असे डेल्फीने लिडियाचा राजा क्रीसस याला सांगितले. तो चालून गेला, आणि बुडाले ते त्याचेच राज्य, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. माझी भाची ही भविष्यवाणीची प्रकरणे वाचताना कधीच अडखळली नाही. कारणिकावरची चर्चा तिने चहाच्या गाड्याजवळ उभी राहून ऐकलेली आहे.

सौंदत्तीचेही तसेच. जमदग्नीची पत्नी रेणुका, तिच्या मनाचा एक क्षण ढळणे, बापाच्या आज्ञेवरून परशुरामाने आईचे शिर उडवणे आणि मग वर मागून तिला परत आणणे, ही कथा माहूरला आहे तशीच मलप्रभेजवळच्या या डोंगरावर आहे. माहूरला ती साडेतीन पीठांतली एक, केवळ मुखरूपाने बसलेली. इथे ती यल्लम्मा, जग म्हणजे देवीची टोपली डोक्यावर घेतलेल्या जोगतिणींची, चौंडक्याची, पौर्णिमेला कोल्हापूरकडून भरभरून येणाऱ्या गाड्यांची. या दोघी एकच का, असे मी खानापुरच्या आजीला लहानपणी विचारले होते. “एकच की गं,” ती म्हणाली, “पण तिथं ओटी भरून यायचं, आणि इथलीसाठी दारोदार जोगवा मागायचा. इथलीला वरवरचं चालत नाही.” देवता एक, पण तिच्याशी वागण्याची रीत दोन, आणि दोन्ही रीती चुकवायच्या नाहीत; आजीच्या या हिशेबात कुठेही गोंधळ नव्हता. पंढरीच्या विठोबाचा दाखला इथे कोणालाही आठवेल, पण तो मी मुद्दाम बाजूला ठेवते, कारण त्याला दोन्ही भाषांचे भक्त एकाच नावाने हाक मारतात. माझा विषय निराळ्या नावांचा आहे. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी दक्षिणेतल्या देवांची ही दोन्ही बाजूंची नाती उलगडण्यात आयुष्य वेचले, आणि ज्यांना हा विषय खोलात शिरून पाहायचा आहे त्यांनी माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जावे.

तर माझे भांडण असे आहे. रायर्डन यांच्या जगात माणसे भांडतात आणि डोके देवांचे दुखते. आमच्या भागात देवांना असे काही झाल्याचे कोणी ऐकलेले नाही. दुकानाच्या पाटीवर कोणती अक्षरे वर आणि कोणती खाली, यावरून दगडफेक होते, बस बंद राहतात, शाळा लवकर सुटतात. त्या आठवड्यातही मैलारला खंडोबा झाल्याचा त्रास झाला, असे कुणा गोरवाने सांगितलेले नाही. दोन छावण्यांना एकमेकींचा पत्ताच लागू न देणे हा देवांचा उपाय कादंबरीत निदान शक्य तरी आहे, कारण मध्ये सबंध अमेरिका खंड आडवे आहे. बेळगावच्या रविवार पेठेत तो अशक्य. इथे वैरसुद्धा ओळखीच्या माणसाशी करावे लागते, आणि संध्याकाळी त्याच्याच दुकानातून कुंदा आणावा लागतो.

रोमन बाजूचा एक देव मात्र रायर्डन यांनी असा रंगवला आहे की त्याच्यासाठी मी त्यांचे बाकी सगळे सोडून देईन. त्याचे नाव टर्मिनस. तो हद्दीचा देव; ग्रीकांच्या बारा देवांत त्याच्यासारखा कोणी नाही. कादंबरीत तो हात नसलेल्या पुतळ्याच्या रूपात रोमन वस्तीच्या सीमारेषेवर उभा असतो, आत जाणाऱ्याला शस्त्रे बाहेर ठेवायला लावतो, नियमांवरून हुज्जत घालतो, आणि हात नसल्यामुळे एका छोट्या मुलीला मदतनीस म्हणून वापरतो. हे विनोदासाठी रचले असले तरी त्यामागचा देव खरा आहे. प्राचीन रोममध्ये त्याचा सण 23 फेब्रुवारीला असे. रोमन कवी ओव्हिडने त्याचे वर्णन केले आहे: दोन शेतांच्या मधल्या दगडाशी दोन्ही शेतांचे मालक आपापल्या बाजूने येतात, आपापला हार घालतात, नैवेद्य ठेवतात आणि एकत्र जेवतात. आणखी एक आख्यायिका आहे. कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरचे मोठे देऊळ बांधताना तिथल्या लहान देवांना हलवायचे ठरले, टर्मिनस हलेना. शेवटी त्याचा दगड ज्युपिटरच्या देवळाच्या आतच ठेवावा लागला, आणि हद्दीच्या देवाला उघडे आकाश लागते म्हणून त्याच्या डोक्यावर छताला भोक ठेवले.

बेळगाव तालुक्यातल्या गावांत महालक्ष्मीची यात्रा भरते, तिचा शेवट पाहिलेल्याला हा देव परका वाटणार नाही. ही यात्रा दरवर्षीची नव्हे; कुठे पाच, कुठे बारा, कुठे त्याहूनही अधिक वर्षांनी येते. लाकडी मूर्ती रंगवतात, देवीच्या डोक्यावर अक्षता पडतात, रथ गल्ल्यांतून फिरतो, मग देवी गदगेवर, म्हणजे आपल्या आसनावर, बसते, सासरी गेलेल्या लेकी जावयांसह येतात, पाहुण्यांनी घरे ओसंडतात. ही लक्ष्मी विष्णूची बायको नव्हे. ही गावाची आई आहे, आणि कन्नड गावांत अशीच यात्रा द्यामव्वाची भरते. शेवटच्या दिवशी तिला गावाच्या शिवेकडे नेतात, आणि तिथे यात्रा संपते. म्हणजे शीव हे इथे देवाचे ठिकाण आहे. पलीकडच्या गावाची यात्रा आली की तीच शीव ओलांडून आपण पाहुणे म्हणून जेवायला जातो. मात्र 1956 च्या 1 नोव्हेंबरला दोन राज्यांमध्ये जी रेघ ठरली, आणि जिच्यावरून महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तिच्यावर असा कोणताही देव बसवलेला नाही. तिच्यापाशी दोन्हीकडून कोणी हार घेऊन येत नाही. तिथे तपासणी नाका आहे.

कादंबरीतले भांडण मिटते ते एका मूर्तीमुळे. शिल्पकार फिडियसने अथेन्सच्या पार्थेनॉन या देवळासाठी घडवलेली अथेनाची सोन्या-हस्तिदंताची भव्य मूर्ती इ.स.पू. 438 मध्ये प्रतिष्ठापित झाली आणि पुढे काही शतकांनी नाहीशी झाली. ती रोमनांनी पळवली होती, अशी कल्पना लेखकाने केली आहे. अ‍ॅनाबेथ ती रोमच्या पोटातून शोधते, आणि रोमन बाजूची प्रमुख रेना स्वतः तिला ग्रीक छावणीच्या टेकडीवर पोहोचवते, तेव्हा देवांची डोकी ताळ्यावर येतात. मला यात आवडते ते असे की शेवटी कोणी कोणात मिसळत नाही. ग्रीक ग्रीक राहतात, रोमन रोमन, आणि ज्याचे होते ते त्याला ज्याने नेले त्याच्याच हातून परत मिळते. खटकते ते असे की हरवलेली वस्तू एकच आहे आणि ती कोणाची याबद्दल कोणालाच शंका नाही. आमच्याकडे कोणी उद्या परतफेड करायची ठरवली, तर कोणी काय उचलून कोणाच्या टेकडीवर ठेवायचे, यावरच नवा आयोग नेमावा लागेल.

भाचीला आता असे पुस्तक आपल्या देवांवर हवे आहे. रायर्डन यांच्याच पुढाकाराने 2018 मध्ये रोशनी चोक्शी यांची अरु शाह या मुलीची मालिका सुरू झाली, तीत पांडवांचे आत्मे अमेरिकेतल्या मुलींच्या रूपाने परततात, ती तिने वाचली, आवडलीही, पण “पांडव सगळ्यांचेच असतात, इथलं कोण आहे त्यात?” असे म्हणाली. यल्लम्मावर असे हलकेफुलके पुस्तक लिहिणे सोपे नाही, हे तिला समजावताना माझी वाचा अडखळली. पर्सी पहिल्या पंचकाच्या शेवटी अमरत्व नाकारतो आणि देवांकडून एवढेच मागून घेतो की त्यांनी आपल्या सगळ्या मुलांना तेराव्या वर्षापर्यंत आपले म्हणावे, छोट्या देवांच्या मुलांनाही छावणीत जागा द्यावी. सौंदत्तीच्या देवीच्या नावाने उलट दिशेने घडत आले: गरिबांच्या मुली देवीला वाहिल्या गेल्या, आणि पुढे त्यांना कोणी आपले म्हटले नाही. कर्नाटकाने 1982 मध्ये कायदा करून याला बंदी घातली. देवाचे मूल असणे ही जिथे साहसाची सुरुवात नसून शिक्षा होती, तिथे लेखकाला थट्टा कुठे करायची आणि कुठे थांबायचे हे रायर्डन यांच्यापेक्षा पुष्कळ बारकाईने ठरवावे लागेल. तरीही ते लिहिले जावे असे मला वाटते, आणि मराठीत लिहिले जावे. कन्नडमध्ये लिहिले गेले तर त्याहून बरे, मी तेही वाचीन.

तूर्तास भाचीनेच एक वही केली आहे. नायिका बैलहोंगलची, तिचा चुलतभाऊ चंदगडचा, देव एकच. अडले आहे ते एका तपशिलावर. पर्सीचा मेंदू प्राचीन ग्रीकसाठी घडलेला आणि जेसनचा लॅटिनसाठी, तर हिचा कशासाठी? मी सुचवले की हळेगन्नड म्हणजे जुनी कन्नड आणि जुनी प्राकृत, दोन्ही. तिने ते लगेच मोडीत काढले. “मग तिला सगळंच वाचता येईल की मावशी! अडणार कुठं ती? आणि अडली नाही तर गोष्ट पुढं कशी जायची?” यावर आता तिने मोडी लिपीतला एक जुना कागद कथेत आणला आहे, ज्यात शिवेवरच्या दगडाची जागा लिहिलेली आहे आणि जो ना नायिकेला वाचता येत ना तिच्या भावाला. म्हणजे मोडी जाणणारा कोणी म्हातारा त्यांना गाठावा लागणार; तो कोणत्या छावणीतला असावा, यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.